उघडून पाहण्याचा प्रश्न

६ एप्रिल

दादा,

पत्राच्या आरंभी काय लिहावे या विचारात सकाळ गेली. नेहमीचे नमस्कार लिहावेत तर ते आपल्याला ढोंग वाटेल, न लिहावेत तर उद्धटपणा. म्हणून थेट कामाचे लिहितो. आपण माझा फोन उचलत नाही. त्याबद्दल तक्रार नाही. फोन न करता पत्र का, याचा खुलासा म्हणून नोंदवले.

प्रश्न तिच्या गाडीचा आहे. इंजिन आवाज करते. पूर्वीही करीत असे, हे आपल्याला ठाऊक आहे. शाळाशाळांतून मुलांचे कान तपासत फिरणाऱ्या बाईच्या गाडीला असा आवाज असावा, यावर ती आणि आपण, दोघे बहीणभाऊ, हसत असा. "मुलं माझी गाडी ऐकूनच रांग लावतात," असे ती म्हणे, "ज्यांनी लावली नाही, त्यांचे कान आधी तपासायचे." परंतु गेल्या काही महिन्यांत आवाज वाढला आहे आणि त्याचे स्वरूपही पालटले आहे. आधी खडखड होते. ती थोडी ओसरली की खालून एक जड ठोका येत राहतो.

कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये दाखवले. गाडी पाहणारा माणूस गॅरेजचा मालकच आहे, तरी सगळे त्याला फिटर म्हणतात, म्हणून मीही तसेच लिहितो. त्याने बॉनेट उघडले, मला ॲक्सिलरेटर दाबायला सांगितला आणि लगेच हात वर करून थांबवले.

"साहेब, हे इंजिन नाही. भांड्यांचं कपाट आहे, आणि कोणीतरी ते जिन्यावरून खाली आणतंय."

मग त्याने काच पुसून किलोमीटरचा आकडा पाहिला. तो तीन लाखांच्या घरात आहे. "अरे बापरे! बाईंनी अजून थोडी दामटली असती तर चंद्रावर पोचल्या असत्या," असे तो म्हणाला, आणि काय बोलून गेलो हे ध्यानात येताच जीभ चावून हातातल्या फडक्याकडे पाहू लागला. मी त्याला म्हटले, हरकत नाही.

त्याचे मत इंजिन बदलावे असे आहे. मागून धडक बसून चेपलेली अशाच बनावटीची एक गाडी त्याच्याकडे आली आहे; तिचे इंजिन फार चाललेले नाही. ते उचलून यात बसवायचे. दुसरा मार्ग म्हणजे आहे तेच उतरवायचे, उघडायचे आणि आत जे निघेल ते दुरुस्त करायचे. "उघडल्यावर काय निघेल, ते मी आज सांगू शकत नाही. कदाचित सगळं करून शेवटी बदलावंच लागेल," असे त्याने स्पष्ट सांगितले. गाडी विकून टाकण्याचा तिसरा मार्गही त्याने सुचवला. तो मी विचारात घेतलेला नाही.

आपण आयुष्यभर बोटींची इंजिने सांभाळलीत. ही गाडी घेतानाही आपण तिच्यासोबत होता. विकणाऱ्याला आपण ती दोनदा बंद करून पुन्हा सुरू करायला लावली, डोळे मिटून ऐकले, आणि "घे" एवढेच म्हणालात. तिने घेतली. त्यामुळे या बाबतीत आपला सल्ला घेणे मला क्रमप्राप्त वाटते.

शस्त्रक्रिया करायची नाही असे मी आपल्याला फोनवर कळवले, तेव्हापासून आपल्यातले बोलणे थांबल्यासारखेच आहे. तिला जाऊन आता वर्ष होत आले. या पत्राचा त्या विषयाशी संबंध नाही. निदान तो नसावा, अशी माझी इच्छा आहे. तथापि ती गेल्यावर तिला माझ्याइतके ओळखणारे जगात एकच माणूस उरले आहे, आणि त्याच्याशी मी इंजिनाविषयीसुद्धा बोलू शकत नसेन, तर ते योग्य नाही.

उत्तर आले नाही तरी मी समजून घेईन.


१९ एप्रिल

दादा,

आपले उत्तर मिळाले. पाकीट उघडण्यापूर्वी मी ते बराच वेळ टेबलावर ठेवले होते. आत केवळ प्रश्नच निघाले, मायना नाही, सही नाही. तरी अक्षर आपले होते. आपण विचारलेल्या क्रमाने उत्तरे देत आहे.

इंजिन थंड असताना आवाज अधिक येतो. खडखड काही वेळाने कमी होते, ठोका जात नाही. वेग वाढवला की ठोका जलद होतो. धूर निळसर नाही. तेलाची पट्टी ओढून पाहिली. तेल खुणेच्या किंचित वर आहे. ते वर कसे, हे मला उमगले नाही, कारण मी ते घातलेले नाही. तेलाला पेट्रोलचा वास येतो का, असे आपण विचारले आहे. येतो.

आवाजात टिकटिक आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर मला स्वतःला देता आले नाही. मी निवृत्त झालो त्या वर्षी तिने माझे कान तपासले होते. वरच्या पट्टीतले पुष्कळसे मला ऐकू येत नाही. कानांवरचे तपासणीचे यंत्र काढून घेत ती म्हणाली होती, "चिमण्या गेल्या तुमच्या. मी मात्र जाणार नाही, माझा आवाज खालचा आहे." तेव्हा शेजारच्या बाईंना विनंती केली. त्या हात पुसत आल्या, बॉनेटवर वाकल्या आणि म्हणाल्या, "टिकटिक आहे की! भिंतीवरच्या घड्याळासारखी. तुम्हाला नाही येत? मग बरंय तुमचं. आमच्या घरात रात्री नळ ठिबकला तरी मलाच उठावं लागतं."

टिकटिक आहे, असे धरावे.

शेवटचा प्रश्न, गाडी कोण चालवतो आणि कुठवर. गाडी रोज सुरू केली जाते.

फिटर म्हणतो की त्या दुसऱ्या इंजिनासाठी आणखी एक गिऱ्हाईक विचारून गेले. मी त्याला थोडे थांबण्यास सांगितले आहे. तो म्हणाला, "थांबतो. पण ते इंजिन काही लग्नाची मुलगी नाही, की स्थळं येत राहिली तर भाव वाढेल. एक दिवस उठून जाईल."


२ मे

दादा,

'गाडी रोज सुरू केली जाते, हे उत्तर नाही. कुठे जाता?' असे आपण लिहिले आहे. आपली हरकत रास्त आहे. ज्या वाक्यात कर्ता लपवला जातो, त्यात बहुधा आणखीही काही लपवलेले असते, हे मी वर्गात सांगत आलो आहे. ते माझ्यावरच उलटले.

कुठेही जात नाही.

ती कामावरून परत येई तेव्हा फाटकापाशी गाडी तशीच चालू ठेवून उतरत असे. फाटक उघडायचे, गाडी आत घ्यायची, फाटक लावायचे, मग इंजिन बंद. तेवढ्या अवधीत मी आतल्या खोलीत पुस्तक मिटत असे आणि चहाचे आधण ठेवीत असे. ती चपला काढून आत येईपर्यंत पाण्याला उकळी फुटलेली असे. आमच्या संसारात मी बिनचूक केलेली गोष्ट बहुधा एवढीच. गाडी जुनी होऊन आवाज वाढला तसा मला उठायला अधिक वेळ मिळू लागला. "तुमच्या चहासाठीच मी इंजिन दुरुस्त करत नाही," असे ती म्हणे. तो विनोद होता. परंतु तिने खरोखरच ते दुरुस्त केले नाही.

आता मी संध्याकाळी गाडी सुरू करतो, तशीच चालू ठेवून आत येतो, आणि खुर्चीत बसतो. नंतर उठून आधण ठेवतो. चहा झाला की बाहेर जाऊन गाडी बंद करतो. एवढेच.

हे मी कोणास सांगितले नव्हते. सांगण्याची वेळ आली ती तुमच्यामुळे, आणि थोडी शेजारच्या बाईंमुळे. परवा त्या कुंपणापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, कुठं जायचं नसतं तर गाडी कशाला सुरू करता? रागावू नका, आवाजाचं नाही म्हणत मी. मला रोज वाटतं, वहिनी आल्या. पोळपाट सोडून दोनदा बाहेर आलेय मी."

मी त्यांची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "क्षमा कसली? चहाला बोलवत जा एखाद वेळी. नुसतं फसवता."

या गोष्टीचा इंजिनाच्या बिघाडाशी संबंध असेल असे मला वाटत नाही. असल्यास कळवावे.


१५ मे

दादा,

संबंध आहे, हे तुम्ही कळवलेत. तुमचे शब्द जसेच्या तसे उतरवतो, कारण ते मी इतक्या वेळा वाचले आहेत की आता न पाहता लिहिता येतात. 'उभ्या गाडीचं इंजिन धड तापत नाही. न जळलेलं पेट्रोल खाली तेलात उतरतं. म्हणून पट्टीवर तेल जास्त दिसलं. ते तेल नाही, पाणचट झालंय. त्यावर आतलं लोखंड लोखंडाला घासतं. तुम्हाला वाटतंय जपताय. तुम्ही झिजवताय.'

पत्र आले त्या दिवसापासून गाडी सुरू केलेली नाही.

घरात संध्याकाळी काहीही वाजत नाही. चहा कोणत्या वेळी करावा हे कळत नाही, म्हणून तो कधी लवकर होतो आणि कधी होतच नाही. हे तुमच्याकडून सहानुभूती मिळावी म्हणून लिहीत नाही. झाले ते लिहिले.

परंतु तुमच्या पत्राच्या अखेरीस जे वाक्य आहे, त्याबद्दल मला लिहिलेच पाहिजे. 'आधी उघडा, आत बघा, मग ठरवा. न उघडता बदलू नका.' इंजिनाच्या बाबतीत हा सल्ला बरोबर असेलही. पण दादा, हे वाक्य मी यापूर्वी ऐकलेले आहे. ते शल्यचिकित्सकांनी उच्चारले, नंतर फोनवर तुम्ही उच्चारलेत, आणि ती गेल्यावर रुग्णालयाच्या जिन्यात, सगळ्या नातलगांसमोर, तुम्ही मला म्हणालात, "भंगारातलं इंजिनसुद्धा कोणी न उघडता टाकत नाही. तुम्ही माझ्या बहिणीला टाकलंत."

मी तेव्हा उत्तर दिले नाही. जिन्यात माणसे चढत-उतरत होती आणि आपण वाट अडवून उभे होतो.

ते वाक्य तुम्ही विसरला असाल, असे समजून मी पहिले पत्र लिहिले होते. विसरला नव्हता असे दिसते. किंवा विसरला असाल आणि सवयीने पुन्हा लिहिले असेल. यांपैकी काय अधिक वाईट, हे मला ठरवता येत नाही.

शस्त्रक्रिया करायची नाही, हा निर्णय माझा असल्याचे मी तुम्हाला सांगितले. त्या सांगण्यात मी आजही बदल करीत नाही. गाठ सर्वत्र पसरली होती, उघडून काही हाती लागण्याचा संभव फार थोडा होता, आणि रुग्णालयातली अखेरची रात्र सोडली तर ते शेवटचे आठवडे ती घरी होती. खिडकीपाशी पलंग ओढून घेतला होता. तुम्ही बोटीवर होता, बंदराबंदरांतून फोन घेत होता. तुम्हाला ते दिसले नाही, यात तुमचा दोष नाही.

इंजिन बदलून टाकण्यास मी फिटरला सांगत आहे. तसदीबद्दल आभारी आहे.


२८ मे

दादा,

मागील पत्र रागाच्या भरात लिहिले गेले. त्यातले काही मागे घेत नाही, परंतु ते ज्या स्वरात लिहिले गेले तो स्वर मागे घेतो.

फिटरला बदलण्यास सांगितले होते. दुसऱ्या दिवशी जाऊन त्याला थांबवले. त्यानंतर शेजारच्या बाई म्हणाल्या की एवढा विचार करायचा असेल तर नवीनच बसवा, म्हणून पुन्हा सांगितले. मग दुपारी पुन्हा गेलो. गाडी त्याच्याच अंगणात उभी आहे, आणि तिच्यापुढे दुसरे इंजिन लाकडाच्या ठोकळ्यांवर ठेवलेले आहे, फडक्याने झाकून. मी दोन्हींच्या मधे उभा होतो. त्याने पाना खाली ठेवला.

"साहेब, रागावणार नसाल तर एक विचारू?"

"विचारा."

"तुम्ही लग्न कसं ठरवलंत हो?"

"मी नाही ठरवलं," मी म्हटले. "तिनंच ठरवलं."

"आणि घर?"

"तेही तिनंच."

"नोकरी तरी?"

नोकरी मला कॉलेजने दिली, पण अर्ज तिने टपालात टाकला होता. मी तो लिहून पंधरवडाभर खिशात ठेवला होता. हे ऐकून तो इतका हसला की आतून दुसरा कारागीर काय झाले ते पाहायला आला. मलाही हसू आले. ती गेल्यापासून कोणासमोर हसल्याचे मला आठवत नाही, म्हणून नमूद केले.

हसणे ओसरल्यावर तो म्हणाला, "मग आता ज्यांना इंजिनातलं कळतं त्यांना बोलवा. मी उघडून देतो. त्यांनी बघावं, तुम्ही बघावं. पुढचं मी कोणाचंही ऐकेन. फक्त एकाचंच ऐकेन."

तुमचा सल्ला बरोबर होता. उघडूनच पाहावे. मात्र ते पाहताना मी एकटा उभा राहू शकणार नाही. दुरुस्त करा किंवा बदला, यापैकी कोणताही शब्द माझ्या तोंडून बाहेर पडेल असे मला दिसत नाही, आणि फिटरची सहनशक्ती अमर्याद नाही.

तुम्ही याल का? तुमची खोली होती तशीच आहे. खिडकीचा खिट्टा बसत नव्हता, तो बसवून घेतला आहे.


२१ जून

दादा,

तुम्ही परत घरी सुखरूप पोहोचल्याचा निरोप मिळाला. फोन तुम्ही स्वतः केलात, आणि मी उचलला तेव्हा दोघांनीही पावसापाण्याचेच विचारले. जे तेव्हा राहिले ते येथे लिहितो.

आधी गाडीचे. तुम्ही निघालात त्यानंतर फिटरने इंजिन जुळवून परत बसवले. साखळी नवी, तिचा ताण धरणारा तुकडा नवा, खालचे बेअरिंग नवे, तेल नवे; बाकी सारे तिचेच. मी गाडी स्वतः चालवून घरी आणली. वाटेत दोनदा बंद पडली, तो दोष माझ्या पायाचा. सिग्नलपाशी मागच्या टेंपोवाल्याने मान बाहेर काढून विचारले, "काका, शिकताय का विसरताय?" मी म्हटले, दोन्ही.

आवाज गेला आहे. फाटकापाशी आलो तरी शेजारच्या बाईंना पत्ता लागला नाही. दुरुस्त केले काय किंवा बदलले काय, तो जाणारच होता, हे मला पहिल्या पत्राच्या वेळीच समजले होते. या दोन महिन्यांत मी तुम्हाला जे विचारत होतो, ते पुष्कळसे न विचारताही चालले असते. गाडी आत घेतल्यावर मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिलो. मला वाईट वाटेल असा अंदाज होता. वाटले. तथापि नंतर उठून आत गेलो आणि आधण ठेवले. बाईंना हाक मारली, कारण त्यांनी बोलावणे मागितले होते आणि ते राहून गेले होते. त्यांनी आल्या आल्या कपाला नाक मुरडले. "साखर वहिनींच्या हिशोबानं घालताय. मला कमी लागते."

आता गॅरेजमधले.

तुम्ही पिशवीतून स्वतःचे पाने काढलेत तेव्हा फिटरचा चेहरा पडला होता, आणि तासाभरात तो तुम्हाला "काका, हे बघा" करू लागला. वरचे झाकण निघाले. तुम्ही चष्मा बदललात, आत हात घातलात आणि नख फिरवून पाहिलेत. मला इंजिनातल्या त्या भोकांकडे पाहवत नव्हते, म्हणून मी तुमच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. त्यावर काही उमटले नाही. मग तुम्ही म्हणालात, "चांगलं आहे. आतून चांगलं आहे."

बेअरिंगवर ओरखडे निघाले. ते कशाने आले असतील, असे फिटरने विचारले. तुम्ही "वयानं" असे उत्तर दिलेत. कारणे दोन होती. त्यांतले एक तुम्ही त्याला सांगितले नाही. त्याबद्दल मी तेथे काही बोललो नाही. आभार.

आणि मग तो भला माणूस, काही ठाऊक नसताना, फडक्याला हात पुसत म्हणाला, "बघितलंत साहेब? उघडलं म्हणून कळलं. न उघडता टाकलं असतं तर चांगला जीव फुकट गेला असता."

तुम्ही पाना खाली ठेवलात. मी भिंतीवर लावलेल्या टायरच्या जाहिरातीतील सर्व मजकूर वाचला. तुम्ही बाहेर जाऊन नळाखाली हात धुतलेत, पुष्कळ वेळ, साबण नसताना. मी मागून आलो आणि आपण त्या बाकावर बसलो. मला वाटले, आता तुम्ही जिन्यातले वाक्य पुन्हा म्हणाल. या वेळी ते सिद्ध झालेले होते.

तुम्ही म्हणालात, "बंद करून उघडलं आपण."

मी म्हटले, "हो."

"बंद केल्याशिवाय उघडता येत नाही. बोटीवरसुद्धा. भर समुद्रात एखादं बिघडलं तर ते बंद करतो, दुसऱ्यावर बोट चालवतो, मग पहिल्याला हात लावतो. दुसरं असतं म्हणून लावतो." तुम्ही हात विजारीला पुसलेत. "तिच्याकडे दुसरं कुठं होतं? हे मला वर्षभर सुचलं नाही. आणि मी इंजिनवाला."

तुम्ही रस्त्याकडे पाहत होता. मग एकदम वळलात, आणि लग्नानंतर ज्या नावाने तुम्ही माझी थट्टा करीत असा, त्याच नावाने हाक मारलीत.

"प्रोफेसर, एका इंजिनापायी तुम्ही मला दोन महिने पत्रं लिहिलीत. हे करू का ते करू. त्या फिटरला दोनदा हो म्हणालात, दोनदा नाही. आणि ते, ते एका दुपारी ठरवलंत? मला फोनवर सांगितलंत, 'निर्णय झाला.' तुम्ही?"

मी माझ्या चपलेकडे पाहिले.

"तिनं ठरवलं ना? आणि मला सांगू नका म्हणाली. मी सगळं सोडून येऊन तिच्या पाया पडलो असतो, हे तिला माहीत होतं. मी पाया पडलो असतो तर ती हो म्हणाली असती, हेही. म्हणून तुमच्या अंगावर घेतलंत. असंच ना?"

त्याच वेळी फिटरने आतून हाक मारली, की तेल कोणते घालायचे, आणि मी उठून आत गेलो. तेलाबद्दल मला काहीही सांगता येत नव्हते, हे तुम्हालाही ठाऊक होते. मी बाहेर आलो तेव्हा तुम्ही चष्म्याच्या काचा पुसत होता, आणि नंतर स्वतःच आत जाऊन त्याला सांगितलेत, "दुरुस्त करा. यांना विचारू नका. यांना मी विचारलंय."

तुमच्या त्या प्रश्नाचे उत्तर मी बाकावर दिले नाही, आणि येथेही देणार नाही. कोणी कोणाला कसला शब्द दिला होता का, याविषयीही मी काही लिहिणार नाही. शब्द दिलेला असेल तर तो माणूस गेल्यावर संपत नाही, असे माझे मत आहे. पण हे केवळ मत म्हणून वाचावे.

मौनावरून निष्कर्ष काढू नये, असे मी आयुष्यभर तर्कशास्त्राच्या वर्गात शिकवले. मौन म्हणजे होकार नव्हे आणि नकारही नव्हे. ते फक्त मौन असते. हे फळ्यावर लिहीत असे, आणि उत्तरपत्रिकेत ज्याने याच्या विरुद्ध लिहिले त्याचे गुण कापत असे.

तुम्ही माझ्या वर्गात नव्हता, दादा. तुम्हाला हवा तो निष्कर्ष काढा.